करग्याचा रंग

भोजराज बारा वर्षांचा असताना त्यानं बापाच्या भातशेतातली अर्धी बांधी, अर्धं खाचर, उपटून काढली आणि तण मात्र जसंच्या तसं उभं ठेवलं. करगा म्हणजे धानासारखंच दिसणारं तण. फरक काय तो बुडाशी. करग्याचं देठ लालसर जांभळं, धानाचं हिरवं. चोरखमारा तलावाच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्या त्या गावात सात वर्षांची पोरगीसुद्धा करगा ओळखायची. हा बहाद्दर चांगलं धान उपटून बांधावर रचत गेला. मनिरामनं, म्हणजे त्याच्या बापानं, ते पाहिलं आणि पोराच्या कानफटात अशी ठेवून दिली की पोरगं चिखलात बसलं.

"आळशी साला. पाहूनच नाई राहिला तू," मनिराम म्हणाला. "जा, बांधावर बस."

त्या दिवसापासून भोजराजचं शेत सुटलं. धाकटा टिकाराम निंदायला जाऊ लागला आणि थोरला पुस्तकात बसला. "शेताले डोळे लागतात, शाळेले डोकं लागते," असं मनिराम लोकांना सांगायचा. डोकं होतंच पोराला. मॅट्रिक झाला, नागपूरला कॉलेजात गेला आणि सत्तावन साली बी.एस्सी.ला त्यानं सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं. डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंचा अभ्यास. त्याला वाटलं, इथं तरी आपल्या डोळ्यांवाचून कोणाचं अडणार नाही. कसलं काय.

पहिल्याच महिन्यात सरांनी काचपट्टी रंगवायला शिकवली. जंतूंवर आधी जांभळा रंग ओतायचा, मग आयोडीन, मग स्पिरिटनं धुवायचं, शेवटी लाल रंग. काही जंतू जांभळा सोडत नाहीत. जे सोडतात ते गुलाबी होतात. पुढचं निम्मं शास्त्र या एका फरकावर उभं. भोजराजनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जंतू दिसले, त्यांचे आकार दिसले, पण सगळे एकाच मळकट रंगाचे. "दिसले का दोन रंग?" सरांनी विचारलं. सगळ्यांनी हो म्हटलं, त्यानंही म्हटलं.

शेजारच्या स्टुलावर गोंदियाचा मुन्नालाल बसायचा. भोजराज अडलाय हे त्याच्या लक्षात आलं. "अरे भाई, ये बैंगनी है," तो हळूच म्हणाला आणि हसला. पुढं दोन वर्षं तो सांगत राहिला, बैंगनी, गुलाबी, आणि भोजराज वहीत जांभळा, गुलाबी लिहीत राहिला. मुन्नालालला वाटायचं, या खेडवळ पोराला रंगांची नावंच येत नाहीत. भोजराजला मात्र अजून बापाचंच खरं वाटत होतं, की आपण नीट पाहतच नाही. रविवारीसुद्धा तो प्रयोगशाळेत जायचा आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत पाहत बसायचा. कोणाला विचारावं तर लाज वाटायची. बिचारा.

इकडं मनिरामनं गावभर सांगून ठेवलं होतं. पास झाला की पोरगा सरकारी प्रयोगशाळेत लागणार. "ज्याले मी बांधावर बसवलो, तो आता खुर्चीवर बसते," असं म्हणून तो स्वतःच हसायचा. आपण पोराला मारलं त्याचं चांगलंच झालं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

एकोणसाठच्या मार्चमध्ये शेवटचं प्रॅक्टिकल आलं. नंबराप्रमाणे बसवलं आणि मुन्नालाल दुसऱ्या टोकाला गेला. गोल जंतूंचे घोस आले असते तर भोजराजनं अंदाजानं जांभळा लिहिला असता, कारण घोस बहुधा जांभळेच असतात. याच्या वाट्याला आले सरळ काड्यांसारखे जंतू, आणि काड्या दोन्ही रंगांच्या असतात. त्यानं जांभळा लिहिला. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, शांत होते. त्यांनी स्वतः पाहिलं, उत्तर वाचलं आणि म्हणाले, "पुन्हा पाहा."

भोजराजनं पाहिलं. "गुलाबी," तो म्हणाला.

"आता का बदललं?"

परीक्षकांनी रंगवलेल्या दोन पट्ट्या आणून पुढं ठेवल्या. "यातली जांभळी कोणती?" भोजराज एकीतून दुसरीत पाहत राहिला, आणि शेवटी त्यानं हात मांडीवर ठेवले.

"तुम्हाला हे दोन रंग वेगळे दिसतच नाहीत," परीक्षक म्हणाले. "जन्मापासूनचं आहे हे. याला औषध नाही."

"मी आळशी नाही, सर," भोजराज म्हणाला.

"आळशी कोण म्हणालं तुम्हाला?" त्यांना काही कळलं नाही. त्यांनी चष्मा पुसला, कागदावर आकडा मांडला. "या शास्त्रात तुमचं काही व्हायचं नाही. दुसरं काही शोधा."

जूनमध्ये निकाल लागला, भोजराज नापास. कॉलेजनं पुन्हा बसू दिलं असतं, पण पुन्हा बसून दिसणार होतं काय? तो गावी आला. नापास काऊन झाला, असं बापानं चारदा विचारलं आणि चारही वेळा तो उठून अंगणात गेला.

श्रावणात निंदण निघालं. टिकाराम तापानं पडलेला, म्हणून भोजराज कोणी न सांगता बांधीत उतरला. बापाला त्यानं तिथंच, वाकल्या वाकल्या, सगळं सांगितलं.

मनिराम कंबर धरून उभा राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तवाबी दिसत नव्हतं तुले?"

"नाई."

"मंग सांगाचं होतं ना गा."

"मलेच मालूम नव्हतं, बा. तू म्हणला आळशी, मी समजलो आळशी."

मनिरामच्या मुठीतलं तण गळून पाण्यात पडलं. भोजराज पुढं सरकत हाताला येईल ते उपटत राहिला. एवढी वर्षं शिकून आल्यावर निदान एवढं तरी जमावं, अशी त्याची आपली वेडी आशा. थोड्या वेळानं त्यानं वळून पाहिलं. बाप त्याच्या मागं मागं येत होता आणि यानं उपटलेलं धान एकेक करून परत चिखलात खोचत होता.

"राहू दे, पोरा," मनिराम म्हणाला. आवाजात जरासुद्धा राग नव्हता, आणि भोजराजला तेच सोसलं नाही. "बस. बांधावर बस."

भोजराज वर चढला आणि बसला. तेवीस वर्षांचा गडी, बारा वर्षांचा होता तेव्हा बसला होता तिथंच.