खोलीच्या मधोमध

नव्या घरातली मागची खोली रिकामी होती आणि तिच्यावर चौघांचा डोळा होता. ह्यांना तिथे सोफा टाकून मॅच बघायची होती. लेकीला अभ्यास करायचा होता, म्हणजे दार लावून फोनवर बोलायचं होतं. सासूबाईंचं "मला मेलीला काय हवंय आता", पण त्यांना उन्हाची खिडकी तेवढी हवी होती. आणि मला माझं शिवणाचं मशीन ठेवायचं होतं.

घरात ह्यांना आम्ही पंच म्हणतो, कारण कुठल्याही भांडणात न विचारता निकाल देतात. तसा ह्याही वेळी दिला.

"शाळेचा पडदा होईपर्यंत खोली तुझी. पडदा चांगला झाला, शाळेने बाकीचं काम दिलं, तर कायमची तुझी. नाहीतर सोफा."

"लेखी द्या."

"तू शिवून दे, मी लेखी देतो."

शाळेचा पडदा म्हणजे नाटकाच्या स्टेजचा. किरमिजी मखमल! दोन पल्ले, एकेका पल्ल्यात पाच पट्टे, उंची बारा फूट. सोमवारी संध्याकाळी पाचला नाटक. पडदा जमला की शाळेच्या सगळ्या वर्गांचे पडदे माझ्याकडे. वीस वर्षं मी पडदे शिवतेय, पण खिडक्यांचे. एवढं मोठं काम आलं की "वेळ नाही हो" म्हणून परत पाठवायचे. वेळ होता, जागा नव्हती.

जुन्या घरात माझं मशीन पॅसेजमध्ये होतं. पॅसेज तीन फूट रुंद. एका टोकाला स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला न्हाणीघर, मधे मी. कुणी आंघोळीला निघालं की गुडघे डावीकडे वळवायचे, बाहेर आलं की पुन्हा वळवायचे. शेवटी तशीच तिरकी बसायला लागले. लोकांच्या घरी मापं घ्यायला गेले तरी खुर्चीच्या कडेवर टेकायचे, "अहो, नीट बसा ना" असं त्या बायांना सांगावं लागायचं. बोलायचे हळू, कारण भिंतीपलीकडे सासरे झोपलेले असायचे. सासरे जाऊन सात वर्षं झाली, माझा आवाज काही वर आला नाही. आणि उजवं कोपर घासून घासून भिंतीवर बशीएवढा काळा डाग पडला होता. घर सोडायच्या दिवशी मी तो ओल्या फडक्याने पुसत बसले. निघाला नाही.

आता नवी खोली पंधरा फूट बाय तेरा! पहिल्या दिवशी मी चारदा काहीतरी निमित्त काढून तिच्यात जाऊन उभी राहिले. मखमलीचे गठ्ठे आले त्या दिवशी तर जेवणसुद्धा धड गेलं नाही. कात्री हातात घेतली, खाली ठेवली आणि आधी पाणी प्यायले.

आठवडाभर मशीन नुसतं पळत होतं. सासूबाई खिडकीपाशी बसायच्या. मोतीबिंदूमुळे त्यांना दिसतं कमी, कळतं जास्त.

"सूनबाई, तू भिंतीला चिकटून का बसलीयेस गं?"

"कुठे चिकटलेय?"

"एवढी खोली मोकळी. मधून कोणाची मोटार जायचीये का?"

मी हसले आणि पायडल मारलं. खरंच, मशीन मी भिंतीला लावलं होतं, तोंड भिंतीकडे. कापड कापायलाही भिंतीलगतची तीन फुटांची पट्टी घेतली होती. मधे कुणीतरी चालणार आहे असंच धरून.

रविवारी सकाळी आम्ही पडदा टेम्पोत घालून शाळेत नेला. शिपायाने शिडी लावली, कड्या अडकवल्या. नाटकाच्या बाई खाली खुर्चीत. हे सभागृहाच्या मागच्या टोकाला जाऊन उभे राहिले, पंचच ते. मी विंगेत.

"दिवे लावा!" बाई ओरडल्या.

दिवे लागले. मी पुढे येऊन वर पाहिलं.

पडदा दोन रंगांचा होता. एक पट्टा गडद, एक फिका, एक गडद, एक फिका. घरी मांडीवर ढीग घेऊन शिवताना हे दिसलंच नव्हतं.

"झेब्रा," लेक म्हणाली आणि जीभ चावली.

"कापड दोन जातींचं लागलं का हो?" बाईंनी हळूच विचारलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

कापड एकच होतं. दोन जातींचं काय होतं ते मला कळेना. "उद्या दुपारपर्यंत आणते," एवढंच म्हटलं, तेही कुणाला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. पडदा उतरवला, घरी आणला, खोलीत ढीग टाकला आणि त्या ढिगाशेजारी बसले. तिरकीच.

ह्यांनी दारातून डोकावलं. सोफ्याचं नाव काढलं नाही, हे मी आयुष्यभर लक्षात ठेवीन.

सासूबाई मात्र आत आल्या, ढिगापाशी बसल्या आणि पडद्यावरून हात फिरवायला लागल्या. वरून खाली, वरून खाली. मग थबकल्या.

"हे बघ. इथे मांजराला नीट कुरवाळल्यासारखं लागतंय. आणि ह्या शेजारच्याला उलटं कुरवाळलंय. हे मांजर ओरबाडणार."

मी हात ठेवला. लव! मखमलीची लव एका पट्ट्यात खाली जात होती, पुढच्यात वर. लव वर असली की उजेड तिच्यात मुरून कापड गडद दिसतं, खाली असली की उजेड परतून फिकं. शिवणारी कुठलीही बाई हे जाणते. मीही जाणत होते!

आणि मग एकदम लख्ख आठवलं मी कापड कसं कापलं ते. पॅसेजमध्ये लांब कापड पसरता यायचं नाही, म्हणून मी त्याच्या पुढे-मागे घड्या घालायचे आणि घडीवर कापायचे. एकाआड एक पट्टा पालथा यायचा. तो लांबीत उलटवायला जागा कुठली, म्हणून कुशीवर वळवावा तसा आडवा वळवायचे. सुती कापडाला वीस वर्षं काही फरक पडला नाही. मखमलीला पडला. पंधरा फुटांच्या खोलीत बसून मी पॅसेजमध्ये कापत होते!

मी उठून उभी राहिले. रडू यायला हवं होतं, पण आलं हसू, आणि त्याच्या मागोमाग अंगात असं काही शिरलं की विचारू नका. कारण पट्टे चौकोनी होते. वाया काहीच गेलं नव्हतं. उसवायचं आणि एकाआड एक पट्टा वरचा खाली करायचा, बस्स!

"अहोऽऽ!" मी हाक मारली.

हे धावत आले, लेक धावत आली, खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं.

"काय झालं?" हे घाबरले होते. "तू ओरडलीस?"

"मशीन उचला. मधे ठेवायचंय. खोलीच्या मधोमध, तोंड खिडकीकडे."

"मधे? मग जायचं-यायचं कसं?"

"वळसा घालून!"

कमरेचं दुखणं विसरून त्यांनी मशीन ओढलं. उसवलेला एकेक पट्टा मी मशीनच्या बाजूला जमिनीवर अख्खा पसरला, घड्या न घालता. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या कापडाभोवती चारी बाजूंनी फिरले. उसवायला लेक आणि हे बसले होते.

"बाबा, धागा कापा, कापड नको."

"मला शिकवू नकोस. मी तुझ्या आईचं बावीस वर्षं ऐकतोय."

"ऐकता, पण करता कुठे?"

शिवणीच्या खुणा राहिल्या होत्या, तिथे लेकीने किटलीची वाफ दिली आणि ब्रशने लव उठवली. वरची कड्यांची पट्टी, खालची दुमड, सगळं नव्याने. प्रत्येक पट्टा जोडण्याआधी मी सासूबाईंपुढे नेऊन धरायचे. त्या हात फिरवायच्या आणि जाहीर करायच्या, "नीट मांजर." एकदा म्हणाल्या, "उलटं!" आणि खरंच उलटं होतं. तो पट्टा मी पुन्हा सवयीने आडवा वळवला होता. दिवेलागणीला एक पल्ला झाला, सोमवारी अकराला दुसरा.

दुपारी पडदा पुन्हा टांगला. दिवे लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रंग, पिकलेल्या जांभळाच्या आतल्यासारखा. नाटकाच्या बाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता वर्गांची मापं घ्यायला कधी येताय?"

"उद्या," मी म्हटलं. शिडीवरच्या शिपायानेही वळून पाहिलं, इतक्या मोठ्याने.

मंगळवारी सकाळी मी शाळेत निघणार तोच सुतार आला. मला वाटलं, सोफ्याचं माप. मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी वहीचा फाडलेला कागद माझ्या हातात दिला. वर लिहिलं होतं, "खोली हिची." खाली सही, तारीख, आणि साक्षीदार म्हणून सासूबाईंचा वाकडातिकडा अंगठा.

"अंगठा कशाला, सही येते मला," सासूबाई खिडकीपाशी बसून म्हणाल्या. "पण ह्याला घाई. मी माझी खिडकी सोडत नाही, सांगून ठेवते."

"सोडू नका," मी म्हटलं. "मांजरं कोण तपासणार?"

सुताराने कानावरची पेन्सिल काढली. "कापायचं टेबल ना, ताई? रुंदी किती धरू?"

दोन फूट, असं अगदी ओठांवर आलं होतं. मी गिळलं. खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि दोन्ही हात बाजूंना सरळ पसरले.

"वाइड बॉल," पंच म्हणाले.

सुतार टेप घेऊन या हाताच्या बोटांपासून त्या हाताच्या बोटांपर्यंत मोजत गेला. मी हलले नाही. उजवं कोपर हवेत होतं, कशालाच लागत नव्हतं.