फाटकासमोरची तिपाई

मी एक जुनी लोखंडी तिपाई आहे. तीन पाय, वर गोल पत्रा आणि पत्र्यावर हिरवा रंग. तोही आता अर्धा उडाला आहे. बघत राहावं असं माझ्यात काहीच नाही. पण मित्रांनो, माझ्यावरून वाळूजच्या एका कंपनीत मोठं भांडण झालं होतं. ती हकिकत मीच सांगितलेली बरी. माणसं ती आपापल्या सोयीनं सांगतात.

माझा जन्म पडेगावात झाला. दौलताबादच्या रस्त्याला लागून पुंडलिकबाबांचं वेल्डिंगचं दुकान आहे. तिथं फाटकं होतात, खिडक्यांचे गज होतात, जिन्यांचे कठडे होतात. मला मात्र कुणी गिऱ्हाइकानं सांगून बनवलं नाही. बाबांची लेक सुलेखा जयंतीच्या सुट्टीत माहेरी आली होती. संध्याकाळी ती भिंतीला पाय लावून पडली होती आणि साडीचा काठ जरा वर सरकला. बाबांची नजर तिच्या पोटऱ्यांवर गेली. निळ्या शिरा फुगून दोरीच्या गाठींसारख्या वर आल्या होत्या.

"हे काय गं सुलेखा?"

"काय नाय बाबा. उभ्याचं काम हाय ना."

सुलेखा ज्या कंपनीत होती, तिथं गाड्यांमध्ये बसवायच्या वायरींचे जुडगे बांधतात. समोर एक फळा असतो, त्यावर खुंट्या असतात. खुंट्यांवरून रंगीत वायरी फिरवायच्या आणि चिकटपट्टीनं आवळायच्या. या कामावर सगळ्या बायकाच होत्या. त्यांची बोटं चपळ असतात म्हणून घेतलं, असं साहेब लोक कौतुकानं सांगत. पण शिफ्ट सुरू झाल्यापासून संपेपर्यंत त्या चपळ बोटांच्या बायकांनी उभंच राहायचं, असा नियम होता.

"डॉक्टर काय म्हणले?" बाबांनी विचारलं.

"म्हणले, मधून मधून बसत जा."

"मग बस की."

"बसायला तिथं काय हायच नाय. आन बसू पण देत नाय."

सकाळी बाबांनी दुकानातले उरलेले पाइप काढले. तो फळा जमिनीपासून केवढा उंच आहे, ते सुलेखाला हात धरून दाखवायला सांगितलं. ती बसली तरी तिचे हात वरच्या खुंटीपर्यंत पोचतील, अशा बेतानं त्यांनी मला उंच केलं. "तीनच पाय केलेत," ते म्हणाले. "जमीन कशी बी असू दे, डुगडुगायची नाय." रंग वाळल्यावर त्यांनी मला मोटरसायकलला बांधलं आणि मिटमिट्याला सुलेखाच्या सासरी पोचवलं.

मला वाटलं, आता मी कामाला लागणार. कसलं काय! सुलेखाला मला कंपनीत न्यायचा धीर झाला नाही. सुलेखाची सासू केसरबाई हिनं मला स्वयंपाकघरात ओढलं आणि माझ्यावर पिठाचा डबा ठेवला. मित्रांनो, मला बसण्यासाठी बनवलं होतं आणि मी डबा घेऊन उभी होते. फार वाईट वाटायचं. पण त्या कोपऱ्यातून मला सगळं घर दिसायचं.

त्या घरात दोन खुर्च्या होत्या, एक दिवाण होता. त्यांवर मला कधी बाई बसलेली दिसली नाही. कुणी मनाई केली नव्हती. पण बाहेरचं कुणी आलं की केसरबाई उठून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची. सुलेखा कंपनीतून आली की हात धुऊन थेट ओट्यापाशी उभी राहायची. सगळ्यांची जेवणं झाली की पातेल्यात उरलेलं, पुष्कळदा उभ्याउभ्याच खायची. एकदा तपासणीत तिच्या अंगात रक्त कमी निघालं. घरात कुणाला नवल वाटलं नाही. बायकांच्या अंगात रक्त कमीच असतं, असं सगळे धरून चालले होते.

सुलेखाचा नवरा राजेंद्र वाईट माणूस नव्हता. तिच्या पायांकडे बघून तो कळवळायचा. "एवढा त्रास व्हायलाय तर सोड ना नोकरी," तो म्हणायचा. "मी हाय ना कमवायला." त्यात माया होती, हे खोटं नाही.

पण सुलेखा म्हणायची, "नोकरी सोडून काय करू? घरात बी पायावरच उभी राहते ना मी?"

तिला ते काम आवडायचं. रस्त्यावर एखादी नवी गाडी दिसली की ती मुलाला सांगायची, "बघ रे, हिच्या पोटातल्या वायरी तुझ्या आईनं बांधल्यात." तेव्हा तिचा चेहरा असा खुलायचा की पायांचं दुखणं कुठल्या कुठं जायचं. आपलं काम कुणाला आवडू शकतं, आणि ते करताना दुखूही शकतं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. घरात हे कुणी समजून घेत नव्हतं.

मग रत्नमालाची गोष्ट घडली. रत्नमाला सुलेखाच्या शेजारच्या फळ्यावर होती. ती पोटुशी होती. एका दुपारी तिला भोवळ आली आणि ती खांबाला टेकून खाली बसली. लाइनचे सुपरवायझर सर्जेराव लगेच आले. "बसायचंच असंल तर घरी बसा," ते म्हणाले. "कंपनी काय आराम करायची जागा हाय का?" रत्नमाला फळा धरून उठली. बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या. सुलेखानंही घातली.

त्या संध्याकाळी ती घरी आली ती धुमसतच. तिनं सगळं सासूला सांगितलं आणि माझ्यावरच्या डब्यावर हात ठेवला.

"आत्याबाई, उद्या ही तिपाई मी नेणार हाय."

"येडी झाली का?" केसरबाई म्हणाली. "नोकरी घालवती काय? एवढ्या बायांत तुलाच उठून दिसायची हौस आली व्हय?"

"उठून नाय, आत्याबाई. बसून."

सकाळी सुलेखा स्वयंपाकघरात आली, तेव्हा पिठाचा डबा खाली होता आणि केसरबाई मला पदरानं पुसत होती. सुनेकडे न बघताच ती बोलू लागली.

"वैजापूरला कांद्याच्या मार्केटात व्हते मी. राजेंद्र झाला अन् थोड्याच दिवसांत टोपली उचलली डोक्यावर. तवापास्नं अंग खाली उतरतंय माझं."

सुलेखा जागीच थबकली. "आत्याबाई! आन कुणाला सांगितलं नाय?"

"कुणाला सांगू? सासूला? ती म्हणली असती, बायामाणसाचं असंच असतं. लाजंनं तोंड दाबून धरलं, बाई. खोकले तरी जीव जातो माझा." तिनं मला सुलेखाच्या पुढं सरकवलं. "ने. घेऊन जा."

मित्रांनो, बाळंतपणानंतर विसावा न मिळता ओझी उचलावी लागली, की काही बायकांची गर्भपिशवी जागची खाली सरकते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यावर उपचार आहे, हेही ठाऊक नव्हतं. केसरबाईलाही कुणी सांगितलं नव्हतं. लाजेनं तिचं आयुष्य कसं कुरतडलं, हे मात्र मला त्या सकाळी दिसलं.

कंपनीच्या बसमध्ये सुलेखानं मला मांडीवर घेतलं. बायका हसल्या. फाटकावर वॉचमन कृष्णानं अडवलं. "हे काय आणलं ताई?" सुलेखा म्हणाली, "डबा आणते तशी तिपाई आणली. हत्यार हाय का हे?" कृष्णा डोकं खाजवत बाजूला झाला.

आणि मित्रांनो, त्या दिवशी पहिल्यांदा सुलेखा माझ्यावर बसली. बाबांचा अंदाज अचूक होता. तिचे हात वरच्या खुंटीला सहज पोचत होते. वायरी फिरत होत्या, चिकटपट्टी आवळली जात होती. ती मोठा श्वास घेऊन कामाला लागली. इतकं हलकं ओझं मी नंतर कधी पेललं नाही.

सर्जेराव आले. "हे काय?"

"तिपाई हाय, सर."

"ते दिसतंय मला. कुणाला विचारून आणली?"

"डॉक्टरला विचारून."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. सर्जेरावांचे कान लाल झाले. "उठा आधी."

"काम थांबलं का बघा ना सर. हात तर चालूच हायत."

"रूल म्हणजे रूल. आज एक बसली की उद्या सगळ्या बसतील."

"मग बसू द्या ना सगळ्यांना. तुमच्या ऑफिसात सगळेच बसतात. त्यांचं कुठं काम अडतंय?"

सर्जेरावांनी सुलेखाला उठवलं, मला एका पायाला धरून उचललं आणि तरातरा नेऊन फाटकाबाहेर आपटलं. माझ्या एका जोडाला तडा गेला. "ही घ्या आन घरी बसा," ते म्हणाले. "माफी मागितल्याबिगर आत यायचं नाय."

सुलेखा बाहेर आली. तिनं मला उचलून फाटकासमोरच्या कडुलिंबाच्या सावलीत नीट मांडलं आणि बसली.

"अवो ताई, घरी जा ना," कृष्णा कळवळून म्हणाला.

"बसा म्हणले ना ते? बसले मी," सुलेखा म्हणाली. "पण घरी नाय बसणार."

शिफ्ट सुटेपर्यंत ती तिथंच बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. ऊन तापलं होतं. येणाजाणारे थांबून बघत होते, कुणी मोबाइलवर फोटो काढत होते. राजेंद्रच्या कानावर गेलं आणि तो मोटरसायकल घेऊन आला.

"चल घरी. लोक हसायलेत."

"हसू द्या."

"माझ्या मायला काय वाटंल, काही कळतं का तुला?"

त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत एक शेअर रिक्षा थांबली आणि तिच्यातून केसरबाई उतरली. हातात भाकरीचं गाठोडं होतं. ती हळूहळू, पाय फाकवून चालत आली. सुलेखा पटकन उठली.

"बसा, आत्याबाई."

केसरबाईनं आजूबाजूला पाहिलं. वॉचमन होता, ड्रायव्हर होते, समोर पोटचा मुलगा उभा होता. गलका ऐकून सर्जेरावही फाटकाशी आले होते. इतक्या पुरुषांदेखत ती जन्मात बसली नव्हती. तिचा हात सवयीनं पदराकडे गेला. मग तो तिनं खाली घेतला आणि ती बसली. कडेला टेकून नाही, चांगली ऐसपैस बसली.

"राजेंद्र," ती म्हणाली, "पाणी आण मला."

राजेंद्र पाणी आणायला गेला.

"आजी, सुनेला समजवा जरा," सर्जेराव म्हणाले.

"तिला काय समजवू? तिला समजतंय," केसरबाई म्हणाली. "मला तिच्या वयात एवढं समजलं असतं तर आज धड चालले असते. साहेब, आतल्या बायांना माझा निरोप द्या. म्हणावं, बाहेर म्हातारी बसली हाय."

सर्जेराव कसला निरोप देतात! तो कृष्णानं दिला. पुढं काय झालं ते नंतर रत्नमाला सुलेखाला सांगत होती, तेव्हा मी ऐकलं. रत्नमालानं एक रिकामा क्रेट पालथा घातला आणि त्यावर बसली. हात थांबवले नाहीत. मग पलीकडची बसली, मग तिच्या पलीकडची. कुणी क्रेटवर, कुणी खोक्यावर, कुणी नुसत्याच फरशीवर. सर्जेराव एकीला उठवायचे, तोवर दोघी बसायच्या. शेवटी मोठे साहेब आले. ते बराच वेळ बघत उभे राहिले. जुडगे नेहमीइतकेच तयार होत होते.

साहेबांनी सुलेखाला आत बोलावलं. मीही तिच्या काखेत गेले.

"माफी मागा आणि विषय संपवू," ते म्हणाले.

"माफी कशाची, सर? पाय दुखले त्याची?"

साहेबांनी सर्जेरावांना तिला कामावर घ्यायला सांगितलं. काही दिवसांनी कंपनीत स्टुलं आली. दोघींत एक, आळीपाळीनं बसायचं. पोटुशी असेल तिनं मात्र हवा तेवढा वेळ बसायचं. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. सुलेखाला तिच्या आवडत्या फळ्यावरून काढून पार टोकाच्या पॅकिंगला टाकलं. ही शिक्षा आहे, हे तिला कळतं. फळा परत मिळावा म्हणून ती अजून भांडते आहे. सर्जेरावही तिथंच आहेत. ते तिच्याशी बोलत नाहीत. तिचं त्यावाचून काही अडलेलं नाही.

केसरबाईनं त्याच आठवड्यात घरी जाहीर केलं, की ती घाटीच्या सरकारी दवाखान्यात जाऊन दाखवणार. राजेंद्र चाचरत म्हणाला, "माय, आता या वयात कशाला ऑपरेशन?"

"याच वयात," ती म्हणाली. "पुढल्या जन्मात करू का?"

ऑपरेशन झालं. ती बरी झाली. गल्लीतल्या बायका तिला बघायला येतात आणि दार लोटून हळूच आपापली दुखणी सांगतात. केसरबाई त्यांना दार उघडायला लावते. म्हणते, "मोठ्यानं बोल. चोरी केली का तू?"

माझा तडकलेला जोड बाबांनी परत झाळून दिला. त्यावर मोठा ओबडधोबड डाग आहे. बाबा तो घासणार होते, सुलेखानं घासू दिला नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी विनवणी करतात, की आम्हाला पुसा, जपा, अडगळीत टाकू नका. मला तसलं काही मागायचं नाही. मी लोखंडाची आहे, गंजेन तेव्हा गंजेन. पण आज जेवायला बसाल तेव्हा मान वर करून बघा, घरात उभं कोण आहे. ती दमली असेल तर तिला काम सोड म्हणू नका. काम तिचं आहे, सोडायचं की धरायचं ते ती ठरवेल. तुम्ही उठा आणि तिला जागा द्या. तिचं दुखत असेल तर ते ऐका, आणि बायकांचं असंच असतं असं पुन्हा कधी तोंडातून काढू नका.

आणि मुलींनो, तुम्ही दमून बसलेल्या असाल आणि कुणी ऊठ म्हणालं, तर लगेच उठू नका. आधी विचारा, का?