टिपरू कोणत्या हातात?

मी एक जुना ढोल आहे. पण मित्रांनो, "जुना" म्हणताना जरा जपून! माझ्या घुमण्याने गंगापूर रोडवरच्या खिडक्या अजून थरथरतात. लाकडी खोड, दोन्ही तोंडांना चामड्याची पानं, भोवती ताणलेली दोरी. एका पानावर टिपरू पडतं, दुसऱ्यावर हाताची थाप. कितीतरी मिरवणुका गाजवल्या मी. मग फायबरचे हलके ढोल आले आणि मी ढोलपथकाच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेलो.

तिथून मला दहावीतल्या दीपमालाने ओढून काढलं. पथकप्रमुख धनराजदादांनी शेडमधल्या फळ्यावर सगळं लिहून ठेवलं होतं. कोणता हात, कोणते बोल, शेवटी काय करायचं. दीपमाला खदखदून हसली.

"दादा, ढोल काय वाचून वाजतो का? मी व्हिडिओ बघून शिकणार!"

"शीक ना. पण एकदा फळा वाच गं बाई."

वाचतेय कुठली! मोबाईल बादलीला टेकवून ती रोज वाजवायची. आणि काय ठसक्यात! पण मला एक गोष्ट खुपत होती. व्हिडिओतला वादक तिच्याकडे तोंड करून उभा, म्हणून त्याचा उजवा हात तिला डावीकडे दिसायचा. आरशात बघावं तसं तिने टिपरू डाव्या हातात धरलं. वर वाजवून झालं की मला तसंच ताणलेलं टाकून ती घरी पळायची. त्या ताणाने माझं पान कडेला विरत चाललं.

निवडीचा दिवस उजाडला. गणपतीच्या मिरवणुकीसाठी एकच जागा उरली होती. सगळे खांद्याला खांदा लावून उभे राहिले. इशारा झाला आणि दीपमालाचं टिपरू थेट डावीकडे वाजवणाऱ्या गोरक्षच्या बोटांवर!

"आई गं! डोळे हाय का बटणं?"

सगळे ढोल थांबले.

"हात बदल," दादा म्हणाले. "शेवटची संधी."

उजव्या हाताने तिने कधी वाजवलंच नव्हतं.

"फळ्याकडे बघ की, समोरच हाय," गोरक्ष बोटं चोळत कुजबुजला.

तिने मला फिरवून घेतलं. बोल वाचत पहिला ठोका दिला. माझ्या कडेला चर्रर्र झालं. आत्ता फाटलो तर तिचंही संपलं, माझंही! मी जीव मुठीत धरून घुमलो. दुसऱ्या फेरीत ती चुकली. तिसरीत फळ्यावरचे बोल आणि व्हिडिओतला ठसका एकदम तिच्या हातात आले.

"ये मिरवणुकीत. मागच्या रांगेत," दादा म्हणाले.

"पुढच्या का नाही?"

"उजवा हात डाव्याच्या पुढे गेला की तूही पुढे जा."

ती उड्या मारत निघाली, दारात थबकली आणि परत आली. फळ्याची शेवटची ओळ तिने मोठ्याने वाचली, "वाजवून झाल्यावर दोरी सैल करावी." मग मांडी घालून बसली आणि एकेक वेढा सैल करू लागली.

मित्रांनो, व्हिडिओ टाळ्या पडल्या की संपतो. आमचं दुखणं तिथून पुढे सुरू होतं. बघून शिका, वाचून शिका, तुमची मर्जी. पण ज्याच्यावर हात बसवलात, त्याला ताणलेलं टाकून घरी जाऊ नका.