तिसरी ओळ

राज सरांशी माझं वाजलं ते एका चिमुकल्या पडद्यावरून. द्वारका चौकात टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस, माणसं चार, आणि काम एका वधू-वर सूचक मंडळाचं. स्थळं मोबाईलवर बघायची, होकार-नकारही मोबाईलवरच कळवायचा. २००८ साली हे फारच पुढचं वाटायचं. सरांच्या नव्या, मोठ्या मोबाईलवर सगळं झकास दिसे. मी एक जुना, आगपेटीएवढ्या पडद्याचा मोबाईल त्यांच्यापुढे ठेवला.

"सर, यावर दोनच ओळी दिसतात. तिसरी खाली जाते, आणि खाली सरकवायची सोय आपण काढून टाकलीय."

"कारण तिच्यामुळे ते डबडं बंद पडत होतं. दहातल्या दोघांकडे असेल असला फोन. वर्षभरात तेही बदलतील. त्यांच्यासाठी आठ जणांचं काम अडवायचं का?"

"मुलीचे बाप जोडे झिजवतात सर, फोन बदलत नाहीत."

सर हसले आणि चहा सांगितला. चहा आला की चर्चा संपली, असा आमच्याकडे नियम. मी तो चहा प्यायले नाही. माझ्या रागाची मजल तेवढीच.

आता यात एक गोम होती. नकार तोंडावर द्यायची आपल्याकडे पद्धत नाही. मुलगी पसंत नाही असं कोणी म्हणत नाही, सगळं पत्रिकेच्या माथी मारतात. म्हणून मंडळाने दोनच उत्तरं ठरवून दिली होती, 'पत्रिका जुळली' आणि 'पत्रिका जुळली नाही'. त्या 'नाही'चा अर्थ सगळ्यांना कळतो आणि कोणाचा अपमानही होत नाही.

याच मंडळात आप्पांनी माझंही नाव घातलं होतं. आप्पा म्हणजे माझे वडील, चांदवडला त्यांचं बी-बियाण्याचं दुकान. "माझ्याच पोरीनं बनवलंय म्हटल्यावर दुसरीकडं कशाला जायाचं?" असं ते गिऱ्हाइकांनाही सांगत. त्यातूनच समाधान मला बघायला आला. अंबडच्या कारखान्यात नोकरी, बोलणं कमी. स्वयंपाक येतो का, हे त्याने विचारलं नाही. मी काय काम करते ते विचारलं आणि मी सांगत होते ते शेवटपर्यंत ऐकलं. मला तो आवडला. नाव समाधान, पण तो बघून गेल्यापासून माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. कोणाचाही मोबाईल वाजला की मी खुर्चीतून उठे, पुन्हा बसे, आणि चालू असलेल्या कामाचा विचका करून ठेवी.

आणि मग भर दुपारी आप्पांचा फोन आला. "शुभे, जुळली गं पत्रिका. आत्ताच आलं मोबाईलवर. साखर आणाया चाललो."

मला आनंद झाला, उगाच कशाला लपवू? जिन्यात जाऊन एकटीच हसत उभी राहिले, खालून येणारा टायरचा वासही बरा वाटला. मग आपल्या डोळ्यांनी बघावं म्हणून आत आले आणि सरांच्या मोबाईलवर आप्पांचा नंबर घालून निरोप उघडला. ओळी आम्ही सगळ्या मोबाईलसाठी एकाच मापाने तोडत असू. पहिल्या ओळीत 'समाधान यांच्याकडून'. दुसरीत 'पत्रिका जुळली'. तिसरीत 'नाही'.

आपल्या भाषेत 'नाही' शेवटी येतं. तोवर माणूस आशेवर असतो, आणि आप्पांच्या आगपेटीएवढ्या पडद्यावर तर ते आलंच नव्हतं. मी फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. साऱ्या भाऊबंदांना सांगत सुटले असणार. आईकडे मोबाईल नव्हता. मी पर्स उचलली.

"कुठे निघालीस?" सरांनी विचारलं.

"तिसरी ओळ पोचवायला."

हायवेचं काम चालू होतं. एसटी आडगावला थांबली, ओझरला थांबली, पिंपळगावला तर ड्रायव्हर उतरून चहाच प्यायला गेला. चहाचा मला तेव्हापासून राग आहे. मी खिडकीपाशी बसले, मग उठून दाराशी गेले, कंडक्टरने हटकलं तशी परत बसले. आप्पांचा फोन लागेना. समाधानला खरंच पत्रिका नडली की मीच नडले, हा एक किडा डोक्यात, आणि आप्पा आता कोणत्या घरी पोचले असतील, हा दुसरा. साखर वाटत गल्लीभर फिरलेल्या माणसाला मागे कसं फिरवायचं?

घरी पोचले तर ओटा बायकांनी भरलेला. मी तोंड उघडायच्या आत आईने त्यात साखर घातली. शेजारच्या कलाकाकू म्हणाल्या, "बाई, पोरगी बस पकडून आली की. लय घाई झालीय हिला." सगळ्या हसल्या.

"आप्पा, मोबाईल बघू."

त्यांनी तो माझ्याआधी काकूंपुढे धरला. "बघा, हे आमच्या शुभीनं बनवलेलं हाय. यात खोटं यायाचं नाय."

"आप्पा, त्याच्या खाली अजून एक शब्द आहे," मी म्हटलं. "नाही."

आप्पांनी खालचं बटण दाबलं, मग पुन्हा दाबलं. मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत बटण दाबलं.

"खाली तर काय नाय."

"आहे. तुमच्या मोबाईलवर दिसत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दिसत नाय, हे तुला ठाऊक व्हतं?"

"हो. मी भांडले त्यावरून, आप्पा. सरांना सांगितलं होतं मी."

आप्पांनी मोबाईल बंडीच्या खिशात ठेवला, आईच्या हातातला साखरेचा डबा घेतला आणि त्याचं झाकण लावलं.

"सरांना सांगितलं," ते म्हणाले. "आन् मला?"

तोंडातली साखर अजून विरघळली नव्हती. मी ती तशीच गिळली.