सिस्टर घरी आहेत

"कागद आहे, शाई आहे, वीज आहे. मग ह्याला काय धाड भरलीय?" सिस्टरांनी प्रिंटरच्या डोक्यावर एक चापट मारली. त्याचा निळा दिवा लुकलुकत होता तो तसाच लुकलुकत राहिला.

फोन स्पीकरवर होता आणि पलीकडून मुलगा ऑफिसातल्या दबक्या आवाजात समजावत होता. प्रिंटर इंटरनेटला जोडलेला नाही, कंपनीचं ॲप घे, त्यात सगळी माहिती भर, मग होईल. सिस्टरांनी ते ॲप घेतलंही होतं. त्याने आधी जन्मतारीख विचारली, मग त्या कुठे राहतात ते पाहायची परवानगी मागितली, आणि सगळं पदरात पडल्यावर 'प्रिंटर सापडला नाही' म्हणून हात वर केले.

"टेबलावर आहे म्हणावं त्याला," सिस्टर म्हणाल्या. "माझ्या टेबलावरून माझ्या हातात एक कागद यायचा, त्याला माझी जन्मतारीख कशाला? लग्न जमवतोय का माझं?"

"आई, तीन ओळी तर आहेत. हाताने लिहून दे ना."

सिस्टरांनी फोन बंद केला. हे वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्यांना एवढं लागलं नसतं. पण मुलाला तरी काय बोल लावायचा? त्याला कुठे ठाऊक होतं! त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. हॉस्पिटलातल्या नर्सच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तो सुरू झाला, तेव्हा त्यांनी हात एप्रनच्या खिशात घालून निभावून नेलं. हे एकट्या यजमानांना कळलं होतं. शेजाऱ्यांना गोळ्यांच्या वेळा लिहून देताना सिस्टरांचं अक्षर कागदभर सांडलेलं त्यांनी एकदा पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी ते हा प्रिंटर घेऊन आले. म्हणाले, मला माझी पत्रं छापायची आहेत. त्या माणसाने जन्मात कुणाला चार ओळींचं पत्र पाठवलं नव्हतं.

तेव्हापासून सिस्टर फोनवर एका बोटाने सावकाश टाइप करायच्या आणि मोठ्या, ठसठशीत अक्षरांतला कागद काढून ज्याच्या त्याच्या कपाटावर चिकटवून यायच्या. औषधांच्या पाकिटांवर मुंगीलाही चष्मा लागेल अशी अक्षरं छापणाऱ्यांवर त्यांचा जुना राग होता. म्हाताऱ्यांनी औषधं घ्यावीत असं ह्यांना वाटतं की घेऊ नयेत, असं त्या येईल त्याला विचारायच्या.

आज कागद हवा होता तो तळमजल्यावरच्या पोस्टमास्तरांसाठी. दुपारीच ते हॉस्पिटलातून घरी आले होते. एकटा जीव, कानांनी पार गेलेले. रक्त पातळ करणारी त्यांची गोळी डॉक्टरांनी आता अर्धी केली होती, कारण अख्खीने नाकातून रक्त वाहू लागलं होतं. सिस्टरांनी जाऊन कपाटावरचा जुना कागद फाडून टाकला आणि नवा संध्याकाळी आणते असं खुणेने सांगितलं. पोस्टमास्तरांचा खाक्या असा की छापील कागदावर असेल ते खरं, तोंडी सांगितलेलं सगळं वाऱ्यावर. आजची गोळी सिस्टर समोर बसून देऊ शकल्या असत्या. पण उद्या कागद नसला, की त्यांचा हात सवयीने अख्खीच उचलणार.

सिस्टरांनी कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. एका गोड आवाजाने त्यांचा फोन आपल्यासाठी महत्त्वाचा असल्याचं सांगितलं, मग पुन्हा सांगितलं, मग बासरी ऐकवली. "महत्त्वाचा आहे तर उचला की," सिस्टर त्या बासरीला म्हणाल्या. शेवटी गेल्या आठवड्यात नवं कनेक्शन जोडून गेलेल्या इंटरनेटवाल्याला त्यांनी अशा काही शब्दांत बोलावलं की तो हातातलं काम टाकून आला.

इंटरनेटवाला पन्नाशीचा होता, दिवसभर खांबांवर चढून दमलेला. त्याने प्रिंटर पुढून पाहिला, मागून पाहिला, मागचं बटण दाबून धरलं. बटण आत गेलं ते बाहेर यायलाच तयार नव्हतं.

"काकू, बटण गेलंय. तुमच्या इंटरनेटचं नवीन नाव घेणार नाही हा. नवा प्रिंटर घ्या."

"काकू नाही, सिस्टर. आणि गेल्या आठवड्यापर्यंत धडधाकट होता हा. तुम्ही येऊन गेलात आणि ह्याने मान टाकली. आता म्हणता नवा घ्या?"

त्याने सुस्कारा सोडला. काय छापायचंय ते सांगा, मी लिहून देतो, असं तो भल्या मनाने म्हणालाही. उद्या कुणाची गोळी बदलली तर उद्याही याल का, असं सिस्टरांनी विचारल्यावर तो पुन्हा प्रिंटरचा दिवा न्याहाळू लागला.

"बटण सोडलं तर त्याचं काही बिघडलेलं नाही तसं," तो म्हणाला. "तो अजून जुन्याच नावाला शोधत बसलाय. ते नाव आता घरात नाही ना."

सिस्टर खुर्चीवर बसल्या.

जुनं नाव यजमानांनी ठेवलेलं होतं. आयुष्यभर त्यांच्या दारावर एकच प्रश्न येत आला होता, 'सिस्टर घरी आहेत का?' कुणाचं बोट कापलेलं, कुणाचं पोर तापलेलं. दार यजमान उघडायचे आणि 'आहेत, आहेत' म्हणत बाजूला व्हायचे. घरी इंटरनेट आलं तेव्हा त्याला नाव काय द्यायचं, असं जोडणाऱ्याने विचारलं. यजमान म्हणाले, लिहा, सिस्टर घरी आहेत. तेव्हापासून इमारतीतल्या प्रत्येक फोनवर, इतरांच्या नावांच्या रांगेत, ते दिसायचं. दोघं मुलाकडे जायला निघाले की यजमान आठवणीने इंटरनेटचा डबा बंद करायचे. घरी नसताना आहेत म्हणणं खोटं, असं त्यांचं म्हणणं. गेल्या वर्षी ते गेले, पण नाव राहिलं होतं.

"ते नाव कुणी काढलं?" सिस्टरांनी विचारलं.

"मीच. म्हणजे, नवीन डब्यावर कंपनीचंच नाव येतं. तुमच्या मुलाला फोनवर विचारलं होतं मी. ते म्हणाले, नावाने काय फरक पडतो."

"दारात मी उभी होते. मला विचारलंत?"

"नाही."

"दारावरची पाटी अशी न विचारता उतरवली असतीत, तर पोलीस बोलावले असते मी." सिस्टरांचा आवाज चढला आणि मग अचानक चिरका झाला, ह्याचा त्यांना आणखीच राग आला. व्हिडिओ कॉलवर आईचा चेहरा अडकतो म्हणून मुलाने लांबून सगळं बदलून टाकलं होतं. चेहरा आता अडकत नव्हता. बाकी सगळं अडकलं होतं. "ते नाव परत घाला."

इंटरनेटवाल्याने डोकं खाजवलं. मग तो हळूच म्हणाला की तसं करता येईल, ह्या प्रिंटरला काही शिकवायलाच नको. नव्या डब्याला जुनं नाव दिलं तर हा आपणहून जोडला जाईल. पण पासवर्डही जुनाच लागेल, अक्षरन् अक्षर. तो लिहून ठेवलाय का कुठे?

लिहून कशाला ठेवायचा? येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला यजमान तो ओठांवर बोट ठेवून सांगायचे. वॉर्डात सिस्टरांच्या टेबलामागे जी पाटी होती, तीच.

"शांतता राखा," सिस्टर म्हणाल्या. "इंग्रजी अक्षरांत, सगळं जोडून."

इंटरनेटवाल्याने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मघापासून ह्या बाईंनी जी शांतता राखली होती तिच्याबद्दल त्याला काही म्हणायचं असावं, पण तो शहाणा माणूस होता. त्याने निमूटपणे अक्षरं घातली, डबा बंद करून पुन्हा लावला आणि दोघं वाट पाहत उभे राहिले. प्रिंटरचा दिवा लुकलुकला, आणखी लुकलुकला, आणि मग स्थिर झाला. आतून घरघर ऐकू आली. दुपारपासून खोळंबलेला कागद सावकाश बाहेर आला. 'सकाळी काही नाही. संध्याकाळी जेवणानंतर अर्धी गोळी. अर्धीच.'

कागद घेऊन सिस्टर जिना उतरू लागल्या. मधल्या मजल्यावर शिंपीणबाई दारात फोन घेऊन उभी होती.

"आलात होय तुम्ही? आत्ता फोनवर तुमचं नाव दिसलं. गेला आठवडाभर दिसेना, म्हटलं गेल्या मुलाकडे कायमच्या. सासूबाईंच्या पायाची जखम चिघळलीय हो. घेऊन येऊ का?"

सिस्टर कठड्याला धरून उभ्या राहिल्या. आठवडाभर दारावर कुणी फिरकलं नव्हतं. लोकांना आपली गरज उरली नाही, असं म्हणून त्या रोज मनातल्या मनात साऱ्या इमारतीशी भांडत होत्या.

"कुठे जातेय मी?" त्या म्हणाल्या. "घेऊन ये. आणि आठवडाभर जखम तशीच ठेवलीस, त्याबद्दल वर आलीस की बोलते."

खाली पोस्टमास्तरांच्या कपाटावर कागद लावताना चिकटपट्टी त्यांच्या बोटांतून दोनदा निसटली. पोस्टमास्तर कानांनी अधू होते, डोळ्यांनी नव्हे. त्यांनी काही न विचारता कागदाचं दुसरं टोक दाबून धरलं, मजकूर मोठ्याने वाचला आणि मान डोलावली. सिस्टरांनी त्यांच्याकडून एक गोळी आपल्यासमोर मधोमध मोडून घेतली आणि मगच त्या वर आल्या.

इंटरनेटवाला सामान आवरून गेला होता. प्रिंटरचा दिवा शांत होता. सिस्टरांनी पातेलं भरून पाणी उकळायला ठेवलं, कापूस काढला, हात धुतले. जिन्यावर एक एक पायरी चढत येणारी पावलं ऐकू आली, ती दाराशी थांबली आणि म्हाताऱ्या आवाजात सवयीचा प्रश्न आला.

"सिस्टर घरी आहेत का?"

सिस्टर ओल्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या. बाहेरच्या खोलीतून कुणी उत्तर देईल म्हणून त्यांनी क्षणभर वाट पाहिली. मग त्यांनीच दाराकडे तोंड केलं.

"आहेत," त्या म्हणाल्या. "आहेत, या."