मान मोकळी

थोरल्याकडे लोक दाढीला यायचे हे खरं, पण जीव अडकलेला असायचा मान मोडून घेण्यात. दाढी आटोपली की तो गिऱ्हाइकाची हनुवटी एका हातात, डोकं दुसऱ्या हातात धरायचा, गप्पांत त्याला गाफील करायचा आणि कट्! एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. ही कला बापाने दोघा भावांना शिकवली होती. दोन खुर्च्यांचं सलून, दोन भाऊ, आणि इस्टेट म्हणाल तर आरसे.

तीस वर्षं वाकून काम केल्यावर थोरल्याचीच मान धरली. खांद्यापासून अंगठ्यापर्यंत ठणका, अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या. जगाच्या माना मोकळ्या करणारा माणूस डॉक्टरकडे कशाला जाईल? रोज दुकान बंद करताना तो खुर्चीत बसायचा आणि धाकटा त्याची मान मोडायचा. आवाज झाला की दोघंही खूश. दहा मिनिटं बरं वाटायचं, मग ठणका पुन्हा हजर. मग दुसऱ्या दिवशी जरा जोरात. असं वर्षभर चाललं.

एक दिवस थोरल्याच्या उजव्या हातातून वस्तरा गळून पडला. नशीब, गिऱ्हाइकाच्या मांडीवर जाड टॉवेल होता. धाकट्याने त्याला ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी मान मागे आणि उजवीकडे झुकवून डोक्यावर हलका दाब दिला, तशी हातातून वीज गेली. कोपराच्या लवणीत छोटी हातोडी मारली. डावा हात उडाला, उजवा ढिम्म. एमआरआयमध्ये मानेच्या मणक्यांमधली चकती सरकून नसेवर बसलेली दिसली.

"बहुतेकांना गोळ्या, विश्रांती आणि व्यायामानेच उतार पडतो," बाई म्हणाल्या. "पण तुमच्या दंडातला जोर गेलाय. ऑपरेशन करून दाब काढू. ठणका जाईल. जोर परत येईलच असं नाही सांगत. कुणाकडून मान मोडून घेत होता का? दबलेल्या नसेला झटके म्हणजे जखमेवर लाथा."

धाकटा पाणी आणायला बाहेर गेला होता.

"छे हो, कुणाकडून नाही," थोरला म्हणाला.

इतकं साफ खोटं तो आयुष्यात बोलला नव्हता. पण धाकट्याला कळलं असतं तर त्याने पुन्हा वस्तरा हातात धरला नसता. आपला हात गेला तो गेला, त्याचा तरी शाबूत राहू दे.

ऑपरेशन झालं, ठणका गेला. आठ महिने रबरी चेंडू दाबून दाबून चेंडू थकला, अंगठा काही वस्तरा धरेना. थोरला कोपऱ्यात बसून डाव्या हाताने टॉवेलांच्या घड्या घालू लागला. "येईल रे जोर, दादा," धाकटा म्हणायचा. "येईल की," थोरला म्हणायचा. दुकानात कट् वाजलं की त्याची घडी चुकायची. चांगल्या माना आहेत, काही होत नाही, असं तो स्वतःला बजावायचा.

मग एका दुपारी नळ दुरुस्त करणारा आला. दाढी झाल्यावर म्हणाला, "मान जरा दणकून मोडा. महिनाभर अंगठ्याला मुंग्या येताहेत."

"मोकळी करतो की," म्हणत धाकट्याने त्याची हनुवटी धरली.

"थांब!" थोरला ओरडला. "मोडू नकोस. त्यांना डॉक्टरकडे जाऊ दे. दबलेल्या नसेला झटका चालत नाही."

"तुला कुणी सांगितलं?"

"बाईंनी."

"कधी?"

थोरल्याने हातातला टॉवेल उलगडून पुन्हा घडी घातली. धाकट्याने आरशातून भावाच्या वाळलेल्या दंडाकडे पाहिलं, मग गिऱ्हाइकाच्या हनुवटीखालच्या स्वतःच्या हातांकडे. त्याने ते हळूच काढून घेतले.

"वर्षभर," तो म्हणाला. "रोज, दादा. रोज."

"अरे, मीच तर म्हणायचो ना, अजून जोरात..."

धाकटा बेसिनपाशी जाऊन हात धुऊ लागला. साबण निघून गेला तरी धूतच राहिला.

"अहो," गळ्याभोवती टॉवेल बांधलेला नळवाला खुर्चीतून म्हणाला, "मग माझ्या मानेचं काय?"