मुझे राग नहीं आता

"भायेर निघाली का हिंदीच बोलजो, बाई. घरची भाषा घरीच ठेवजो. लोक हासतेत."

शाळेच्या पहिल्या दिवशी भूमिकाच्या बाबांनी, देवाजींनी, दारातच सांगितलं होतं. या हिंदी मुलखातल्या प्लांटमध्ये ते कामाला होते आणि तिथं त्यांच्या हिंदीची टिंगल व्हायची; लेकीच्या वाट्याला ते नको, एवढंच त्यांच्या मनात. भूमिकानं ते इतकं मनावर घेतलं की बाहेर तोंडच उघडेना. चुकून घरचा शब्द निघाला तर? कॉलेजात दुसरं वर्ष लागलं तरी वर्गातल्या निम्म्या मुलींना तिचा आवाज ठाऊक नव्हता.

आणि एक दिवस शब्द निघालाच. कॅन्टीनमध्ये हेमंत साहूच्या हातून तिच्या ओढणीवर चहा सांडला.

"अरे, सॉरी! गुस्सा तो नहीं हुईं?"

गडबडीत ती म्हणाली, "नहीं, मुझे राग नहीं आता."

हेमंत कॉलेजच्या भजनमंडळीत गायचा. त्याचा चेहरा खुलला. "राग नहीं आता? कौन-सी बड़ी बात है, हम सिखा देंगे!"

चूक सुधारायची तर आणखी चार वाक्यं बोलावी लागली असती. त्यापेक्षा गाणं शिकणं तिला सोपं वाटलं.

यमन शिकवताना तो डोळे मिटून घ्यायचा. ती उघडे ठेवायची. हळूहळू तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचू लागला. कोणाला न सांगता तिनं सोमवार धरले. शेंगदाणे भाजता भाजता आईनं विचारलंच, "कावून धरून राहिली वो सोमवार? पेपरासाठी?"

"हो."

"मले नको सांगू. महादेवाले समजते सारं."

मागच्या आठवड्यात हेमंत म्हणाला, "सोमवार को दुर्ग में प्रोग्राम है. शुरुआत तुम्हारी गणेश-वंदना से. अकेली गाओगी. वादा?"

सगळ्यांतून त्यानं तिलाच निवडलं होतं. "वादा," ती लगेच म्हणाली.

मग त्यानं लाजत मोबाइलमधला फोटो दाखवला. "मेरी सगाई है. ये रश्मि. तुम गाओगी तो लगेगा, अपनी बहन ने गाया."

घरी येऊन ती नळ सोडून न्हाणीत बसली. बादली भरून वाहत राहिली. आपलं मागणंच चुकलं, की देवाजवळही हिंदीतच मागायला हवं होतं? पुढचे दिवस सा लावला की त्याचाच सूर कानात यायचा. आयुष्यात एक आवाज सापडला, तोही त्यानंच दिलेला. मग आपलं म्हणून उरलं काय?

आज सकाळी त्याचा फोन आला. "आ रही हो ना? राग पक्का है?"

"हाँ," ती म्हणाली. "अब राग आता है."

"शाबाश!" तो हसला. ती घरच्या भाषेत काय बोलून गेली, ते त्याला कळलं नाही. तिनंही सुधारलं नाही.

"तिथं जेवशील नं?" आईनं विचारलं.

"उपास आहे."

आई तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघत राहिली. "आता कोनासाठी वो, माय?"

भूमिकानं महादेवापुढे हात जोडले. मागायला काहीच नव्हतं, म्हणून नुसतीच उभी राहिली.

दारात बाबांनी स्कूटरची चावी उचलली. "सोडून देऊ का?"

"नाही बाबा. मी जातो."

हळूच फाटक लावून ती ऑटोच्या दिशेनं चालू लागली.